मागचा कार्ब्युरेटर

मंगळवार, ४ मार्च. सकाळी पंख्याची पाती पुसली. दुपारी भाऊजींसाठी फोन केला. त्या बाईंकडे ‘मागचा’ आहे, द्यायला तयार आहेत. भाऊजी जेवताना दोनदा हसले. पडदे धुवायचे राहिले.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. लग्न केलं नाही. नोकरीभर लिफ्ट दुरुस्त केल्या, आणि गच्चीवरच्या त्या घरघरणाऱ्या खोल्यांत कान घालवून बसले. राहतात आमच्याच इमारतीत, तळमजल्यावरच्या एका खोलीत. जेवायला वर माझ्याकडे येतात. कानाचं यंत्र आहे, पण ते शर्टाच्या खिशात. “ते लावलं की सगळंच ऐकू येतं, वहिनी,” ही त्यांची तक्रार. माझं बोलणं तेवढं त्यांना यंत्राशिवाय कळतं. शाळेत सिस्टरांनी आमची जीभ छडी घेऊन सरळ केली होती, त्याचा हा उशिरा मिळालेला फायदा.

गाडीविषयी आधी सांगायला हवं. फिकट हिरवी, बुटकी, कापडी छपराची, दोन सीटांची स्पोर्ट्स कार. दोघा भावांनी तरुणपणी ती मोडीत निघालेली उचलली आणि दोन हिवाळे खपून चालती केली. मी लग्न होऊन आले तेव्हा ती घरात होतीच, म्हणून मी तिला ‘थोरल्या जाऊबाई’ म्हणायचे. रविवारी दोघे तिच्यात बसून निघायचे. तिसऱ्याला जागाच नाही. मी जिन्यातून ओरडायचे, “जाऊबाई जेवायला येणार आहेत का?” हे मागे वळून हात हलवायचे. भाऊजी चालवायचे.

हे गेले तेव्हापासून गाडी गल्लीच्या टोकाच्या शेडमध्ये उभी होती. भाऊजी तिला पुसायचे, चाकांत हवा भरायचे, पण बाहेर काढायचे नाहीत. हिवाळ्यात शेडच्या मालकाने शेड विकली. मार्चअखेरपर्यंत गाडी हलवा, म्हणाला. दुसरी जागा परवडण्यासारखी नव्हती. गावाबाहेर राहणारे एक दातांचे डॉक्टर जुन्या गाड्या सांभाळतात; ते तिला घ्यायला तयार झाले. ट्रक घेऊन येतो, वर चढवून नेतो, म्हणाले.

भाऊजींनी तेव्हा खिशातलं यंत्र काढून कानात घातलं, म्हणजे आपण बरोबर ऐकलं का ते बघायला.

“ट्रकवर? ती कुणाच्या पाठीवर बसून जाणार नाही. आली होती ढकलत. जाईल स्वतःच्या पायांनी.”

अडचण एकच होती. कार्ब्युरेटर म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला पाजणारं भांडं. ह्या गाडीला अशी दोन आहेत, एक पुढे, एक मागे. मागच्याची टोपी, म्हणजे वरचं घुमटासारखं झाकण, तडकली होती आणि तिच्यातला दट्ट्या अडकला होता. टोपी आणि दट्ट्या एकमेकांत घासून बसवलेले असतात, त्यामुळे दोन्ही बरोबरच बदलावे लागतात. आणि सुट्टी टोपी कुणी विकत नाही. अख्खा कार्ब्युरेटर घ्या म्हणतात. तोही एक नाही, जोडी घ्या.

“बशी फुटली म्हणून गेलो, तर म्हणतात डायनिंग टेबलासकट घ्या,” भाऊजी म्हणाले.

जुन्या बाजारातले सगळे दुकानदार त्यांना ओळखायला लागले. एकाने तर लांबूनच दोन्ही हात हलवले. परदेशातून नवी जोडी मागवायची तर भाऊजींचं पेन्शन जोडीला हात लावण्याआधीच संपलं असतं. मग मी पेपरांतल्या छोट्या जाहिराती बघून फोन करायला लागले. फोनवर भाऊजींना काहीच कळत नाही. मी बोलायचे, ते माझ्या तोंडाकडे बघत उभे राहायचे.

त्या मंगळवारी फोन लागला तो एका बाईंना. नवरा गेलेला, त्याचे सुटे भाग घरभर पडलेले.

“कार्ब्युरेटर एकच आहे हो,” त्या म्हणाल्या. “मागचा आहे. चालेल?”

मी भाऊजींना सांगितलं, “एकच आहे. मागचा आहे म्हणतात.”

“मागचाच हवाय!” भाऊजी एवढ्याने ओरडले की बाईंनी पलीकडून विचारलं, “घरात कुणाला लागलं का?”

पार्सल आलं. भाऊजींनी माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून ते उघडलं, आणि हातात घेऊन बराच वेळ फिरवत राहिले. मग आपला कार्ब्युरेटर शेजारी ठेवला. बोल्टची भोकं वेगळी. पेट्रोलची नळी भलत्याच बाजूला. बाईंचा ‘मागचा’ म्हणजे आधीच्या मॉडेलचा. भाऊजींचा मागचा म्हणजे पाठीमागचा. एकच शब्द, आणि आम्ही तिघंही बरोबर.

“टोपी घातली बाईंनी मला,” भाऊजी म्हणाले. “ह्या वयात.”

“त्यांनी मुद्दाम नाही केलं.”

“मुद्दाम नसलं तरी टोपी ती टोपीच.”

जेवण अर्ध्यावर टाकून खाली गेले. दुसऱ्या दिवशी आलेच नाहीत. डबा घेऊन मी खाली गेले, तर खाटेवर बसून भिंतीकडे बघत होते. भिंतीवर लिफ्ट कंपनीचं, तारखा कधीच उलटून गेलेलं कॅलेंडर. “डॉक्टरांना ट्रक आणायला सांगा,” म्हणाले. त्या खोलीत एकच खुर्ची आहे. मला बसायला सांगायचं त्यांच्या लक्षात आलं नाही. मी डबा खुर्चीवर ठेवला आणि वर आले.

वस्तू परत पाठवते, असं सांगायला मी बाईंना फोन केला.

“तुमचं नेमकं काय मोडलंय?” त्यांनी विचारलं.

“टोपी. आणि आतला दट्ट्या.”

“अहो, मग परत कशाला करता? आमच्याकडे दोन गाड्या होत्या, एक मागची, एक नवी. आमचे हे सारखे ह्याची टोपी त्याच्या डोक्यावर करायचे. बसायची की. मी चिडायचे, ते म्हणायचे, घर वेगळं असलं तरी डोकं एकाच मापाचं आहे.” मग म्हणाल्या, “आता फिरवायला कुणी नाही. ठेवून घ्या ती.”

मी पुन्हा जिने उतरले. भाऊजींसमोर उभी राहून सगळं शब्दाशब्दाने सांगितलं. त्यांनी दोनदा म्हणायला लावलं. मग चपला शोधायला लागले.

टोपी बसली. शेडमध्ये मी गेले ते त्यांनी बोलावलं म्हणून नाही, तर ते जेवायला आले नाहीत म्हणून. इंजिन चालू होतं, पण लंगडत होतं. अख्खी गाडी थरथरत होती. भाऊजी बॉनेट उघडून एका बाजूला उभे. एका हातात स्क्रूड्रायव्हर, दुसऱ्यात रबरी नळीचा तुकडा. माझ्या बाथरूमच्या नळाची नळी! न विचारता नेली होती. आणि ते समोर, बॉनेटच्या दुसऱ्या बाजूला बघत होते. तिथे कुणी नव्हतं.

मला तेव्हा कळलं. दोन्ही कार्ब्युरेटरांनी सारखी हवा ओढायला हवी. ते नळी कानाला लावून ऐकायचं असतं. हे ऐकायचे, भाऊजी स्क्रू फिरवायचे. इतकी वर्षं त्यांना कानांची गरजच पडली नव्हती.

मी दुसऱ्या बाजूला जाऊन उभी राहिले. भाऊजींनी नळी माझ्याकडे दिली. एक टोक कानाशी, दुसरं पुढच्या कार्ब्युरेटरच्या तोंडाशी. मग मागच्या.

“काय ऐकू येतं?”

“पुढचा स म्हणतो,” मी म्हटलं. “मागचा श.”

स आणि श. ह्या दोन अक्षरांपायी शाळेत मी किती छड्या खाल्ल्या होत्या. भाऊजींनी स्क्रू जरासा फिरवला.

“अजून श.”

पुन्हा.

“मधलं काहीतरी. दोन्ही नाही.”

“दोन्ही नाही म्हणजे काय, वहिनी? नीट सांगा.”

“नीटच सांगतेय. जरा उलटं फिरवा. हं. स. आता दोघंही स.”

थरथर थांबली. भाऊजींनी बॉनेटच्या कडेवर तळहात ठेवला आणि तसेच उभे राहिले. त्यांना तो आवाज ऐकू येत नव्हता, तो हातातून जात होता. मी नळी गुंडाळायला लागले तर म्हणाले, “राहू द्या. शनिवारी लागेल.”

शनिवारी डॉक्टर बसने आले. भाऊजींनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. मी शेडपाशी उभी होते. भाऊजी स्टिअरिंगमागे बसले, नळी पायाशी ठेवली आणि दुसरं दार उघडलं. क्षणभर मला वाटलं, ते माझ्याकडे बघताहेत. डॉक्टर आत बसले. गुडघे हनुवटीपर्यंत आले बिचाऱ्यांचे. गाडी गल्लीच्या टोकापर्यंत न अडखळता गेली आणि वळली. कुणी मागे वळून हात हलवला नाही. मी शेडचं दार लोटून घेतलं.

भाऊजी अंधार पडता पडता बसने परत आले. वाढलं.

“कशी गेली?”

“दुसऱ्या गिअरला जरा अडली. मग नाही.”

“डॉक्टर काय म्हणाले?”

“बोलत होते बुवा सारखे. मला कुठे ऐकू येतंय.”

आमटी दुसऱ्यांदा घेतली नाही. उठताना पिशवीतून नळी काढून टेबलावर ठेवली, धुऊन पुसून आणलेली, आणि खाली गेले.

शनिवार, २९ मार्च. भाऊजींनी रबरी नळी परत दिली. बाथरूमच्या नळाला लावली. बादली पुन्हा आवाज न करता भरते.