चौथा हिस्सा

मी नववीपर्यंत शिकली. त्याच्यानंतर पुस्तक म्हणून हातात धरलं ते एकच, आमच्या हुडकेश्वरच्या विहारातल्या कपाटातलं, रक्तावरचं. एका शास्त्रज्ञानं लिवलेलं. पहिल्याच पानावर त्यानं म्हटलं होतं का ज्यानं प्रयोगशाळा कधी पाहिली नाही त्याच्यासाठी हे लिवून राहिलो. मले वाटलं, म्हणजे माह्यासाठीच.

माह्या पोरीले सिकलसेल आहे. चार वर्षांची आहे, दुखणं आलं का पाय धरून रडते, मंग धंतोलीच्या दवाखान्यात भरती करा लागते. तिथं डॉक्टर घाईत असतात, माही जीभच वळत नाही. पुस्तकाले घाई नोती. दुपारी पोरगी झोपली का मी एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचत जाओ. लाल पेशी विळ्यावानी वाकते, बारीक नळीत अडकते, म्हणून दुखते. काहून दुखते ते मले पहिल्यांदा समजलं.

नवरा हसे. "डॉक्टरीन झाली का वं? आता मलेच सुई टोचशीन."

"टोचीन न, पहिले तुमच्या जिभेले."

मंग ते पान आलं. मायबाप दोघंही अर्धे सिकलवाले असले, आम्ही आहो तसे, तर चौथ्या हिश्श्याले पुरा आजार येते. चार गोल काढले होते, एक काळा भरला होता. आता आमच्याकडं हिस्सा म्हणजे वाटणी. रामटेककडचं आमचं धानाचं वावर चार भावांत वाटलं, ज्याचा हिस्सा त्याले गेला, झालं, मंग त्यानं दुसऱ्यांदा मागाचं नाही. मी त्या काळ्या गोलावर बोट ठेवलं न म्हटलं, हे आपली पोरगी, बाकीचे तीन मोकळे. नवऱ्यानं पण मोजून पाहिलं. "बराबर आहे," म्हणे.

त्याच्यावरच हे दुसरं राहू देलं. तिसऱ्या महिन्यात नर्सबाई म्हणे, "पोटातल्या बाळाची तपासणी करून घे वं, मोठीले सिकल आहे तुह्या." मी म्हटलं, "बाई, आमच्या हिश्श्याचं होऊन गेलं." तिले काही समजलं नाही, माह्या मागं लाइन होती, तिनं पुढचीले बोलावलं.

परवा पोरीले भरती केलं. मले सातवा लागलेला. डॉक्टरीन मॅडम पोटाकडं पाहून म्हणे, "याची तपासणी केली?" मी पुस्तकातलं सांगतलं, जरा फुशारकीनंच सांगतलं. त्या खाली बसल्या.

"अगं, प्रत्येक बाळाच्या वेळी चारही गोल नव्यानं असतात. पहिलीला झाला म्हणून दुसरं सुटत नाही."

"मंग आता करा न, मॅडम."

"आता उशीर झाला. जन्मल्यावर रक्त पाहू."

घरी येऊन पान उघडलं. गोलांच्या खाली लिवलंच होतं, प्रत्येक गरोदरपणात. बारीक अक्षर होतं, मीच सोडून देलं होतं. त्या लिवणाऱ्या माणसाची काही चूक नाही. नवऱ्यानं वाचलं न बाहीर जाऊन बसला.

आता पोटात हललं का मी दचकते. पोरगी दवाखान्यातून आली तशी पोटाले कान लावून बसते.

"मम्मी, बाळाचे पाय दुखतीन का वं?"

मी तिच्या केसाले तेल लावत होती, लावतच राहिली.

"दुखले तं मी दाबून देईन," ती म्हणे.