बंद राहणारं दार

मोठ्या ऐटीत मी लॅपटॉप तात्यांपुढे सरकवला. पडद्यावर चाळीस हिरव्या खुणा होत्या. चाळीस चाचण्या, चाळीसच्या चाळीस पास. तात्यांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला, एका बोटाने एकच ओळ टाइप केली आणि एंटर दाबलं. टाकीच्या धुलाईचा पाण्याचा व्हॉल्व्ह, ज्याला तिथून हात लावायची कुणालाच मुभा नव्हती, पडद्यावर निमूट उघडला.

"सायेब, उघडायचं दार उघडतंय का, ते कोन पन बगील. बंद ऱ्हायचं ते बंद ऱ्हातंय का, ते बगलं काय?"

बघितलं नव्हतं. वीस वर्षं याच धंद्यात काढून बघितलं नव्हतं.

आमची कंपनी पेणला, मेडिकलच्या दुकानावर. रोह्याच्या केमिकल कारखान्यांसाठी आम्ही सॉफ्टवेअर करतो. त्याचं पोट सी प्लस प्लसमध्ये, कंपाइल करून बंद केलेलं. वरच्या पायथन स्क्रिप्ट, म्हणजे हुकमांच्या छोट्या याद्या, मात्र कारखान्याचे ऑपरेटर हव्या तशा बदलणार. आतले कोणते क्लास, म्हणजे प्रोग्रामचे भाग, बाहेरच्या स्क्रिप्टला दिसावेत आणि कुठवर दिसावेत, हे ठरवणाऱ्या जोडणीला बाइंडिंग म्हणतात. ती तपासायला तात्या होते. रोह्याच्याच एका कारखान्यात तीस वर्षं शिफ्ट करून निवृत्त झालेले, पायथन तिथल्याच कंट्रोल रूममध्ये शिकलेले. आमच्याकडे कंत्राटावर. जवळच्या कासू गावाहून डबा घेऊन यायचे.

त्यांचे वडील खाडीच्या बांधावरची उघडी सांभाळायचे. उघडी म्हणजे बांधातलं लाकडी दार. ओहोटीला शेतातलं पाणी बाहेर सोडायचं, भरतीला खाडीचं आत येऊ द्यायचं नाही. "बाबा दार लावून घरी नाय यायचा," तात्या सांगायचे. "भरती पुरी चढली का आतलं पानी चाखायचा. गोड लागलं तरच जेवायला." तात्यांचंही तसंच. ऑफिसातून निघताना दार ओढून घेत, आणि बाहेरून पुन्हा एकदा ढकलून बघत. आम्ही आत बसलेले असलो तरी.

त्यांची दुसरी खोड म्हणजे चालती स्क्रिप्ट मध्येच तोडायची. आमची पोरं वैतागत. "अहो तात्या, पुरी तर होऊ द्या!" तात्या थांबण्याचं बटण दाबून म्हणत, "शिफ्ट सुटली. घरी जानारा मानूस धुलाई पुरी व्हायची वाट बगत नाय."

आणि तिथेच त्यांना ते सापडलं. धुलाईच्या स्क्रिप्टला धुलाईचा व्हॉल्व्ह दिसावा, ती संपली की त्याचं नाव पुसलं जावं, असा हिशेब. स्क्रिप्ट नीट संपली की पुसलं जाई. मध्येच तोडली की नाव तसंच मागे राही, आणि पुढची माल भरायची स्क्रिप्ट पाण्याचा व्हॉल्व्ह उघडू शके.

दुसऱ्या दिवशी सॉफ्टवेअर रोह्याला द्यायचं होतं. मी कळवल्यावर पुण्याहून आमच्या मोठ्या साहेबांचा फोन आला. "असं मध्येच कोण थांबवतं हो? नंतर बघू." मी "हो सर" म्हणालो. हे दोन शब्द मला फार छान जमतात.

तात्यांनी चाचणीच्या कागदावर सही केली, पण खाली पेनाने लिहिलं : 'धुलाई मध्ये तोडली तर पुढच्या स्क्रिप्टला व्हॉल्व्ह उघडता येतो. देऊ नये.' साहेबांनी पुण्याहून कागद स्वच्छ टाइप करून मागितला. मी टाइप केला. ती ओळ टाइप केली नाही. नव्या कागदावर तात्यांनी न वाचता सही केली. म्हणाले, "तुमी लिवलाव ना? मग झालं."

तिसऱ्या आठवड्यात रोह्याला रात्रपाळीने धुलाई अर्धी सोडली आणि सकाळच्या पाळीने माल भरायला घेतला. भरायच्या स्क्रिप्टने पाण्याचा व्हॉल्व्ह उघडला आणि टाकीभर माल पाण्यात गेला. कुणाला इजा झाली नाही, एवढंच नशीब.

मीटिंगमध्ये साहेबांनी कागद पुढे केला. "सही कुणाची?"

मी तात्यांच्या शेजारीच होतो. मूळ कागदावर आपण काय लिहिलं होतं ते त्यांना ठाऊक होतं. एक वाक्य बोलले असते तर माझी खुर्ची गेली असती. त्यांनी कागद वरपासून खालपर्यंत वाचला, आपली ओळ जिथे असायची तिथल्या कोऱ्या जागेवर जरा थांबले, माझ्याकडे एकदा पाहिलं.

"सही माझी हाय," म्हणाले. "नाय कशाला म्हनू?"

मी तोंड उघडलं. त्यातून खोकला आला. साहेबांनी मला पाणी दिलं.

कंत्राट त्याच आठवड्यात संपवलं. तात्यांनी डब्याची पिशवी उचलली, "येतो सायेब" म्हणाले, बाहेरून दार ओढलं आणि सवयीने पुन्हा ढकलून पाहिलं. दार नीट बंद होतं. मी आत होतो.

याला दोन वर्षं झाली. पेनाने लिहिलेला तो मूळ कागद माझ्या कपाटात, मुलीच्या शाळेच्या दाखल्यांखाली आहे. परवा दाखला शोधताना तो बायकोच्या हाती लागला. "ही सही कुणाची?" तिने विचारलं. मग मी सगळं सांगितलं, आणि शेवटी म्हणालो, रविवारी कासूला जातो, त्यांची माफी मागतो.

ती कागद माझ्यापुढे ठेवत म्हणाली, "तात्यांकडे नका जाऊ आधी. ते 'असू दे' म्हणतील आणि तुम्ही जेवून याल. हा तुमच्या साहेबांना दाखवा."