आत्याची म्हैस, आईचे पैसे

आमच्या आत्याची म्हैस दरसाल ऐन दिवाळीतच व्यायची. भाऊबीज तोंडावर आली की आत्याचा फोन यायचा, "दादा, यंदा न्हाई जमत बघ. म्हैस आज-उद्यात व्यायला झालीय. तिला सोडून कशी येऊ?" माझे वडील फोन कानाला तसाच धरून म्हणायचे, "बरं बरं. जनावराला जप." आमच्या घरची भाऊबीज एवढ्यावर आटपायची.

आत्या म्हणजे वडिलांची एकुलती एक बहीण, धाकटी. आमचं गाव घनसावंगीकडचं आणि तिला दिलेली पार बदनापूरच्या पुढं. पूर्वी ती न चुकता यायची. ती आली की घरातला आवाज वाढायचा. वडिलांना अरे-तुरे करणारी घरात ती एकटीच, आणि तिनं "काय रे, पोट सुटलं तुझं!" म्हटलं की वडील लहान पोरासारखे हसायचे. एरवी आमचे वडील हसण्याच्या बाबतीत फार काटकसरी.

एका वर्षी पावसानं दगा दिला. कापूस बोंडातच वाळला आणि ओवाळणीची साडी आणायला घरात काही राहिलं नाही. तेव्हा आईनं आपल्या पेटीतली साडी काढली, तिच्या माहेराहून आलेली, घडीसुद्धा न मोडलेली. वडिलांनी तीच ताटात ठेवली. आत्यानं काठावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "लई भारी रंग हाय." मी तिला टेकूनच बसले होते. आदल्या वर्षी आईनं मोठ्या हौसेनं पेटी उघडून हीच साडी तिला दाखवली होती, ते मला आठवत होतं. तिला आठवत नसेल असं कसं म्हणू? पुढच्या दिवाळीपासून ती म्हैस व्यायला लागली.

वर्षं गेली. मी मोठी झाले, जालन्याला एमआयडीसीत बियाण्याच्या कारखान्यात कामाला लागले. वडील आणखी गप्प झाले. भाऊबीजेच्या दिवशी ते सकाळीच शेतात जायचे आणि दिवेलागणीला परत यायचे. सणाच्या दिवशी शेतात काय काम होतं, ते आम्ही कधी विचारलं नाही.

मग सरकारचे महिन्याचे पैसे आईच्या खात्यावर यायला लागले. आमच्या कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत यावर फार चर्चा चालते. फुकटच्या पैशांनी बायका बिघडल्या, असं एक साहेब डबा खाता खाता सांगतात. माझं डोकंच फिरतं. बिघडली ना, माझी आई चांगलीच बिघडली! पहिल्यांदा पैसे आले तेव्हा ती शेजारच्या गावात मशीनवर अंगठा लावायला गेली, "आलेत का?" विचारलं, त्या माणसानं "आलेत" सांगितलं, तर "असू द्या मंग" म्हणून परत आली. पुढच्या खेपेला काढले आणि कुकरची रिंग आणली. आमचा कुकर कित्येक महिने शिट्टी सोडून चहूबाजूंनी वाफ सोडत होता. रिंगसाठी आईनं वडिलांना विचारलं की ते "बघू" म्हणायचे. माणूस वाईट नाही, पण खिशात काही नसलेल्या माणसाला "बघू"शिवाय दुसरा शब्द सुचत नाही.

या पैशानं आमचं शेत काही सोन्याचं झालं नाही. पैसे कधी वेळेवर येतात, कधी वाट बघायला लावतात. पण आईचं बाजारात जाणं बदललं. आधी ती भाव विचारायची आणि पुढे जायची, आता भाव विचारून घासाघीस करायला लागली. घ्यायची ऐपत असल्याशिवाय घासाघीस करता येत नाही, हे मला तिच्याकडे बघून कळलं. आणि गंमत म्हणजे वडीलच आता कधीमधी तिला म्हणतात, "चहापत्ती संपलीय, आणती का?" ती म्हणते, "बघू." आणि तोंडाला पदर लावून हसते.

गेल्या दिवाळीला मी घरी गेले तेव्हा आईनं पेटी उघडून मला एक साडी दाखवली. नवी कोरी, डाळिंबी रंगाची.

"बाईसाठी घेतलीय," ती म्हणाली. नणंद वयानं लहान असली तरी आई तिला बाईच म्हणते. "त्या बारीला जुनी दिल्ती, ते माझ्या मनातून जात न्हाई. यंदा मीच जाते तिला आणायला."

सासरी गेलेल्या मुलीला सणाला आणायला जातो तो मुराळी. भाऊ जातो, फार तर भाचा जातो. वहिनी मुराळी झालेली आमच्या गावात कुणी ऐकली नव्हती. वडील ओसरीवर बसून सगळं ऐकत होते. ते हळूच म्हणाले, "तिची म्हैस व्याली असंल."

"म्हणून तर पेंड घेतलीय," आई म्हणाली आणि दाराआडचं सरकीच्या पेंडीचं पोतं पुढं ओढलं. "शेजारणीकडं देऊ. ती घालंल म्हशीला, आन् बाईला दोन दिस मोकळीक भेटंल."

माझी आई अशी आहे. तिला कुणी काही सांगितलं की ते तिच्यासाठी खरंच असतं. वडिलांनी पोत्याकडे पाहिलं, मग आईकडे पाहिलं. उठून त्यांनी पोत्याचं तोंड सुतळीनं घट्ट बांधून दिलं.

पाडव्याला वडिलांना घाईघाईनं ओवाळून आम्ही दोघी निघालो. एसटीत बायकांना अर्धं तिकीट, पण पोत्यावरून कंडक्टरनं जरा कुरकुर केलीच. आई त्याला ऐटीत म्हणाली, "किती व्हतील ते बोला की, देते." हे वाक्य मी तिच्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. मला इतकं बरं वाटलं की मी खिडकीकडे तोंड फिरवलं.

आत्याच्या दारात उतरलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. आत्या अंगण झाडत होती. आईला बघून तिच्या हातातला झाडू तसाच राहिला. "वैनी? तुमी? दादा बरा हाय ना?"

"एकदम ब्येस. तुला न्यायला आलेय. आधी म्हैस दाखव." आई गोठ्याकडे वळली. गोठ्यात कापसाच्या वाळक्या काटक्या, पऱ्हाट्या रचलेल्या होत्या, अगदी छपरापर्यंत. खुंट्यावर कोळ्यानं जाळं केलं होतं.

"म्हैस कुठंय?"

"चरायला गेली."

"आन् रेडकू?"

"ते बी तिच्यासंगं गेलं."

"दोन दिसाचं रेडकू चरायला?" आईच्या चेहऱ्यावर निव्वळ काळजी होती. "बाई, कुणाच्या हवाली केलंस?"

तेव्हा आत्या मटकन त्या पेंडीच्या पोत्यावर बसली आणि हसायला लागली. हसता हसताच रडायला लागली. "म्हैस कुठली वैनी! कव्हाच विकली. ती तुमच्या माहेरची साडी हातात आली आन् काळजात चर्र झालं बघा. मी येत राह्यले तर दादा दरसाल कुठून आणील? वैनीची पेटी रिकामी करंल. मंग काय सांगू? म्हशीवर ढकललं."

आईनं पुन्हा एकदा पऱ्हाट्यांकडे पाहिलं. "अगं माय," ती म्हणाली, "दर दिवाळीला मी देवापाशी हात जोडत व्हते, बाईची म्हैस सुखानं सुटू दे म्हणून." मग दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. मीही रडले, सांगायला कसली लाज.

रात्री तिथंच राहिलो. पेंड शेजारच्या म्हशीच्या नशिबात होती. सकाळी निघताना आईनं आत्याला बजावलं, "ह्यांना काय बी बोलू नको. जिवाला लावून घेतील." जालन्याच्या स्टँडवर आत्यानं पेढे घेतले. मी पैसे काढायला लागले तर तिनं माझा हात बाजूला सारला. "माझ्याबी खात्यावर येत्यात म्हणलं. भावाला पेढे मीच नेणार."

मला त्या दोघींचा फार अभिमान वाटला. पैसे देणाऱ्यांचेही मी मनापासून आभार मानते. तो पैसा आमच्याकडे आला आणि आईनं त्यातून माझ्या वडिलांना त्यांची बहीण परत आणून दिली. एवढं उपकाराचं काम आमच्या घरात कुणीच केलेलं नाही, मी तर नाहीच.

त्या भाऊबीजेला वडील शेतात गेले नाहीत. आम्ही पोहोचलो तेव्हा ते दाढी करून, धुतलेला सदरा घालून फाट्यावरच उभे होते. संध्याकाळी पाट मांडला. आईनं साडी आधीच गुपचूप त्यांच्या हाती दिली होती. आत्यानं कुंकू लावलं, ओवाळलं. वडिलांनी डाळिंबी साडी ताटात ठेवली आणि ताटाकडेच बघत विचारलं, "म्हैस कशी हाय?"

आई जागच्या जागी थिजली. आत्यानं मात्र पापणीही हलवली नाही.

"विकली दादा."

"बरं केलं," वडील म्हणाले. "जलमभर जनावरं पाळली मी. दरसाल ऐन दिवाळीला व्याणारी म्हैस कुठं बघितली न्हाई."

आई त्यांच्याकडे बघतच राहिली. म्हणजे इतकी वर्षं त्या म्हशीसाठी देवापाशी हात जोडणारी आमच्या घरात ती एकटीच होती.