दावणीला राहिलेल्या चार

पूर ओसरून पाच दिवस झाल्यावर मी परंडा तालुक्यातल्या त्या गावात पहिल्यांदा गेले. संकटातून गेलेल्या माणसांजवळ बसायचं, त्यांना बोलतं करायचं, लागेल तो आधार द्यायचा, हे माझं काम. येडशीहून बार्शी, बार्शीहून परंडा अशा दोन एसट्या, आणि तिथून पुढं काळीपिवळी. सीनेच्या काठचं निम्मं गाव उंचावरच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत येऊन राहिलं होतं. माझ्या पिशवीत छापील प्रश्नांचे कागद होते. झोप लागते का, भूक लागते का, छातीत धडधडतं का.

चौथीच्या वर्गात फळ्याखाली पन्नाशीतल्या एक मावशी भिंतीकडं तोंड करून बसल्या होत्या. मी शेजारी टेकले आणि पहिला प्रश्न विचारला. त्यांनी मान वळवून माझ्याकडं पाहिलं.

"फोटो काढायचाय का?"

"नाही मावशी. बोलायला आलेय."

"मंग लिव्हा. झोप न्हाय. भूक न्हाय. झालं? सकाळधरनं तुमी तिसऱ्या."

आणि पुन्हा भिंतीकडं तोंड. मी कानकोंडी झाले. प्रशिक्षणात मी हे सगळं शिकले होते, दुसऱ्यांना शिकवलंही होतं, आणि तरी आल्या आल्या कागदच काढला होता.

व्हरांड्यात त्यांची सून भेटली. तिच्याकडून कळलं ते असं. घरी सात म्हशी होत्या. सकाळी पाणी चढलं तेव्हा सासरे डेअरीला दूध घालायला गेले होते. सून लेकरांना घेऊन शाळेकडं पळाली. मावशी एकट्याच गोठ्यात शिरल्या. तीन म्हशी सोडल्या, चार दावणीलाच राहिल्या.

"तवापासनं सासूबाई बोलत न्हायत," सून म्हणाली. "मामंजी बी न्हाय. आन सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या पाण्यात गेल्या, चष्मा बी गेला."

गोळ्यांचं मला करता येण्यासारखं होतं. गावातल्या एका पोराची गाडी मागून घेऊन शेजारच्या गावातल्या दवाखान्यात गेले आणि तिथल्या सिस्टरांना गाडीवर बसवून शाळेत आणलं. बीपी खूपच वाढलेलं होतं. त्यांनी गोळ्या दिल्या. मावशींनी मुकाट्यानं घेतल्या. पुढच्या खेपेला परंड्यातल्या दुकानातून त्यांचा जुना नंबर शोधून चष्मा करून नेला. तो त्यांनी डोळ्यांवर चढवला आणि पहिल्यांदा मला नीट निरखलं.

आमच्या साहेबांचं म्हणणं होतं, गावं पुष्कळ आहेत, एका गावाला एकच भेट. मी म्हटलं, बाकीची गावं मी करते, एकही सोडत नाही, पण दर मंगळवारी मी तिथं जाणार. ते चिडले. मी गेलेच.

तिसऱ्या मंगळवारी शाळेच्या पटांगणात बायका भिजलेली ज्वारी पसरून निवडत होत्या. कुजलेले दाणे एकीकडं, राहिलेले दुसरीकडं. मीही बसले निवडायला. तासाभरानं मावशी बाहेर आल्या आणि माझ्या समोर येऊन बसल्या. आधी म्हशींचं बोलल्या. कुठली मारकुटी, कुठली त्यांच्याशिवाय कुणाला धार काढू द्यायची नाही. मग हात थांबला.

"तिसरी सोडली तवा पानी कमरंला व्हतं. चौथीच्या साखळीची कडी रुतलेली. वढली, लई वढली. ती माझ्याकडं बगत व्हती, ताई. आन म्या तिला तशीच सोडून आले."

तुमचा काही दोष नाही, हे शब्द माझ्या अगदी ओठांवर आले होते. मी ते गिळले. ते ऐकल्यावर माणूस मान डोलावतो आणि गप्प होतो, हे मी अनेकदा पाहिलंय. मी नुसता त्यांचा हात धरला.

"ह्यांनी मला एका शब्दानं इचारलं न्हाय," त्या म्हणाल्या. "म्हंजी मनात काय आसंल ते कळतंय की मला."

त्याच दुपारी मी गोठ्याकडं गेले. मावशींचे मालक एकटेच फावड्यानं गाळ उपसत होते. मी घमेलं उचललं. चार-पाच घमेली झाल्यावर ते आपणहून बोलले.

"साखळ्या म्या आणल्या, ताई. आदी साधी दावी व्हती. एक म्हैस दावं चावून लोकाच्या उसात जायाची. भांडणं नकोत म्हून साखळ्या केल्या. दावी आसती तर हिनं इळ्यानं कापून समदी सोडली आसती."

"मामा, हे मावशींना सांगितलंत?"

"कुठल्या तोंडानं सांगू? तिला ठावं हाय. म्हून तर बोलंना झालीया."

दोघांचंही मला माहीत झालं होतं आणि दोघांनाही एकमेकांचं माहीत नव्हतं. परतीच्या एसटीत मी फार अस्वस्थ होते. एक वाक्य मी इकडून तिकडं नेलं असतं तर काम झालं असतं. पण विश्वासानं सांगितलेलं असं पोचवायचं नसतं. ज्याचं त्यानंच बोलायला हवं होतं.

पुढच्या मंगळवारी मी मामांना विचारलं, "तुम्ही स्वतः सांगाल का? मी शेजारी बसते." ते नाही म्हणाले. त्याच्या पुढच्या मंगळवारीही नाहीच. मी घमेली उचलत राहिले. तिसऱ्या वेळी त्यांनी फावडं भिंतीला लावलं.

"तुमी बसनार आसला तर."

शाळेच्या पायरीवर आम्ही तिघं बसलो. मामांनी जमिनीकडं बघत साखळ्यांचं सगळं सांगितलं. मावशी ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला वाटलं, तुमी माझ्यावरच..."

"येडी का काय तू? तू परत आलीस ते लई झालं."

मावशी मोठ्यानं रडल्या. मामांना काय करावं कळेना. खांद्यावरचा टॉवेल त्यांनी पुढं केला आणि लगेच स्वतःच्याच डोळ्यांना लावला. मी शेजारी बसून होते. त्या दिवशी माझं काम तेवढंच होतं, आणि ते सोपं नव्हतं.

म्हणून सगळं ठीक झालं असं नाही. आभाळ गडगडलं की मावशी अजूनही दचकून उठतात. गोठ्याच्या दारापर्यंत यायला त्यांना दोन आठवडे लागले आणि आत पाऊल टाकायला आणखी एक. पण त्या आत गेल्या, आणि वाचलेल्या तिघींना स्वतःच्या हातानं वैरण घातली.

गावातल्या बायका आता मंगळवारी माझी वाट न बघता एकत्र बसतात. मागच्या खेपेला मी गेले तर मावशी घरी नव्हत्या. वस्तीवर एका बाईचं घर पडलंय, ती दारातून हलत नाही म्हणून सकाळीच तिच्याकडं गेल्या होत्या.

"उशीर हुईल म्हनल्यात," सून म्हणाली. "च्या घेता का?"

मी चहा घेतला आणि पुढच्या गावाची गाडी पकडली.