गावाचे डोळे

औषधाच्या दुकानात आज दुकानदाराने माझी चिठ्ठी वाचली आणि रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "झोपेच्या गोळ्या? तुला की वडिलांना?"

"मला," मी म्हटलं.

संध्याकाळी भाजी घेताना शेजारच्या मंदाकाकूंनी माझा दंड धरला. "झोप लागत नाही का गं? नवऱ्याची आठवण येत असेल."

याच गावात मी वाढले आणि नवऱ्याला सोडल्यावर इथेच वडिलांकडे परत आले. इथे माणसाला स्वतःचं दुःखसुद्धा एकट्याने भोगू देत नाहीत. कितीदा तरी मी चिडून बॅग भरायला काढली आहे.

पण गेल्या महिन्यात तात्या, म्हणजे माझे वडील, एसटी स्टँडवर चक्कर येऊन पडले. मी पोचेपर्यंत लोकांनी त्यांना दवाखान्यात नेलं होतं. मंदाकाकू तात्यांच्या चपला मांडीवर घेऊन तिथल्या बाकावर बसल्या होत्या. ते पाहून मला रडू आलं. इथे पडलेला माणूस लगेच दिसतो, कारण सगळ्यांचे डोळे कायम त्याच्यावरच असतात. त्याच डोळ्यांचे उपकार मानावे लागतात, याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो.

"जावयाला कळवलंस का?" काकूंनी तेव्हा विचारलं.

"नाही. आणि कळवणारही नाही."

त्यांनी मान हलवली. मला वाटलं, समजलं त्यांना.

त्याच संध्याकाळी माझा नवरा हातात शहाळं घेऊन दवाखान्याच्या दारात उभा होता, आणि काकू त्याला तात्यांच्या उशाशी जागा करून देत होत्या.