रोवण्यातला पुरुष

कुसुम गेल्याची बातमी मला तिच्या घरून कळली नाही. ती कळली शहापूरच्या एका क्लासवाल्या सरांच्या मेसेजवरून. वर तिचा फोटो, खाली ‘आमच्या क्लासची गुणवंत विद्यार्थिनी, आंधळगावच्या आदर्श अंगणवाडी सेविका’, मग जोडलेले हात, आणि त्याच्याही खाली ‘दहावीच्या नव्या बॅचचे प्रवेश सुरू’. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणतात ते हेच. तिची कावीळ वाढत गेली तेव्हा हे सर एकदाही दवाखान्यात फिरकले नाहीत; शोकसभेत मात्र पहिल्या खुर्चीवर. “कुसुमताईंना गणिताची गोडी मी लावली,” म्हणाले, आणि लोकांनी माना डोलावल्या. मान डोलवायला काय लागतं? त्या गोडीची चव मी स्वतः घेतली आहे, म्हणून लिहिते.

आम्ही दोघी पहिलीपासून एका बाकावरच्या आणि दहावीत गणितातच आपटलेल्या. पुढे लग्नं झाली, मुलं झाली. ती अंगणवाडीत मदतनीस लागली. भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील, तेव्हा तिथल्या सेविकाबाई निवृत्त व्हायच्या होत्या. दहावी पास असेल तरच कुसुमला ती जागा मिळणार होती. नाहीतर एका पुढाऱ्याची सून तयारच होती, बांगड्या सावरत. “तिच्या हाताखाली जन्मभर खिचडी ढवळू का मी?” कुसुम म्हणाली, आणि आम्ही दोघींनी बाहेरून दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला आणि याच सरांचा क्लास लावला. मला जागाबिगा नको होती. तिला एकटीला लाज वाटत होती, एवढंच.

सरांचा क्लास म्हणजे टिनाच्या शेडमध्ये कोंबलेली पोरं, त्यात मागे आम्ही दोन बाया. सर गाईड उघडून फळ्यावर उतरवून काढायचे आणि त्याला शिकवणं म्हणायचे. एकसामयिक समीकरणं आली तेव्हा त्यांना काय वाटलं कोण जाणे, शेतीतलं उदाहरण दिलं. दोन पुरुष आणि पाच स्त्रिया दिवसात चोवीस गुंठे धान रोवतात. चार पुरुष आणि तीन स्त्रिया वीस गुंठे. तर एक पुरुष किती आणि एक स्त्री किती? कुसुमने लगेच लिहिलं, पुरुष क्ष, आणि क्ष बरोबर शून्य. आता एका समीकरणातून बाई निघाली पाच गुंठ्यांच्या जराशी आत, दुसऱ्यातून साडेसहाच्या वर. तिने हात वर केला आणि गणितच चुकलं आहे म्हणाली.

“शून्य कुठून आणलं, ताई?”

“सर, रोवण्यात माणूस कुठं रोवते? तो परह्यातली रोपं खोदते, पेंढ्या चिखलाच्या बांधीत फेकते, मंग कडेच्या धुऱ्यावर बसून खर्रा खाते. रोवतात बायाच.”

पोरं खिदळली. खरं तर आमच्याकडे कुठल्याही शेतात पाहा, चिखलात वाकलेली बाईच दिसेल. पण सर डोळे पुसपुसून हसले. “ताई, तुम्ही हे सोडूनच द्या न. भूमितीच्या व्याख्या पाठ करा, पस्तीस होऊन जातीन. डोकं कायले शिणवून राहिल्या?” कुसुम बसली नाही. “बरं, मंग एका समीकरणातून दुसरं वजा कायले कराचं? ते दोन वेगळ्या दिवसाचं काम होय न?” सरांचं हसू गेलं. नियम आहे, म्हणाले. तेवढंच त्यांना ठाऊक होतं. त्या दिवसानंतर आम्ही क्लासला गेलो नाही, आणि फी मात्र त्यांनी पूर्ण ठेवून घेतली. यालाच गोडी लावणं म्हणत असतील.

मग दुपारी पोरं घरी गेली की अंगणवाडीच्या ओट्यावर आम्ही बसायचो. पुस्तकातला शब्दन् शब्द वाचायचो आणि काहीही कळायचं नाही. एक दिवस कुसुम तेच गणित घेऊन बसली आणि एकदम म्हणाली, “थांब. पहिल्या दिवशीची टोळी दुप्पट केली तं? चार माणसं, दहा बाया, अठ्ठेचाळीस गुंठे. आन् दुसऱ्या दिवशी चार माणसं, तीन बाया, वीस. माणसं दोन्हीकडं सारखीच झाली न बाई! मंग फरक कायचा? सात बायांचा. अठ्ठावीस गुंठे सात बायांचे…” तिने मला दंडाला धरून हलवलं. बाई चार गुंठे. मग उलटं घालून पुरुष काढला, तो दोन निघाला. ते मात्र तिला पटेना. दोन्ही समीकरणांत घालून पाहिलं, दोन्हीकडे बसलं. “दोन गुंठे! आपण आधीच शून्य धरून बसलो, म्हणून सुटत नव्हतं,” म्हणाली. मी म्हटलं, “हे पुस्तकातले पुरुष. तुझा भाऊराव शून्यच.” तिने सरळ पुढचं गणित घेतलं.

भाऊराव तिचा नवरा. तोंडात तंबाखूचा खर्रा, पायात तुटकी चप्पल, बोलणं हो-नाहीपुरतं. कुसुम पास झाली, सेविका झाली, पुढाऱ्याच्या सुनेने वर्षभर तोंड फिरवलं. या सगळ्यात हा माणूस कुठे होता, असं कुणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, धुऱ्यावर. तिच्यासारखी बाई याच्या पदरात कशी पडली, हे मी तिला तोंडावर विचारायची. ती हसायची.

परवा तिच्या घरी गेले. भाऊरावने स्वतः चहा मांडला. हात सराईत होते, साखरेचा डबा न पाहता उघडला. मी टोमणा मारायचा म्हणून मारला, “आता शिकलात वाटते सैपाक?”

“नाई जी. ती पेपराले बसली तेव्हापासून येते.” गाळणीत बघत म्हणाले, “घरचं तं मीच रांधत होतो. अंगणवाडीची खिचडी बी. पहाटे शिजवून भरला गंज तिकडं नेऊन ठेवो. ती तितक्यात तुमचे गणितं करे.”

“मला कधी बोलली नाही ती.”

“मीच म्हणलं, सांगू नोको. नोकरी तुह्या नावाची होय, उगाच कोणी साहेबाच्या कानावर घालन.” कप माझ्यापुढे सरकवला. “आन् तुमी हसल्या असत्या न, बाई.”

हसले असते. कुसुमला ते माहीत होतं, म्हणून इतकी वर्षं माझे टोमणे ऐकून घेतले आणि नवऱ्याचा शब्द राखला. मला तिचा राग आला. शोकसभेत मी रडले नव्हते, तिथे त्या सरांकडे पाहूनच डोकं फिरलं होतं. त्या स्वयंपाकघरात, तिच्या नवऱ्यासमोर, पहिल्यांदा रडले. चहा निवला होता, तो भाऊरावांनी परत गरम करायला ठेवला.