परीक्षा सुनेची, उपास माझा

नवस फेडून होतो, पण नवसाचे किस्से काही फिटत नाहीत. पापडाच्या डब्यात तळाशी चुरा साठावा तसे ते साठत जातात. टाकवत नाहीत, आणि एकदा डबा उघडला की चार जणींत वाटल्याशिवाय राहवतही नाही. जिममधल्या आमच्या सकाळच्या लेडीज बॅचमध्ये तर व्यायाम कमी आणि चुरा जास्त!

सुरुवात माझ्याच नवसापासून करते. आमच्या संजयचं लग्न जमत नव्हतं. मी गणपतीपुढे हात जोडून बोलले, "बाप्पा, सून घरात येईपर्यंत मी भात सोडला." पेणच्या बाईने भात सोडायचा म्हणजे काय चेष्टा आहे? अख्ख्या आळीत बातमी झाली. बायका हळहळल्या.

मग मी भाताऐवजी तांदळाची भाकरी खाऊ लागले. सकाळी तांदळाचं घावन. चार वाजता पोहे. रात्री पुन्हा भाकरी, आणि भात नाही म्हणून एक जास्तच.

आमचे हे एक दिवस ताटाकडे बघत म्हणाले, "देवाला नीट सांगितलंयस ना? तू फक्त पातेलं सोडलंयस, तांदूळ नाही!"

पण बाप्पाने मनातला भाव बघितला. मानसीसारखी गुणाची सून दिली. फक्त ती घरात येईपर्यंत माझा शालूचा ब्लाउज दोनदा उसवावा लागला, आणि गुडघे जिना बघितला की कुरकुरायला लागले.

*

गुडघ्यांसाठी मानसीनेच मला जिममध्ये नेलं. लग्नाआधी ती कबड्डी खेळायची, त्यामुळे तिला तिथे माहेरी आल्यासारखं वाटलं. मला मात्र आरशांची लाज वाटायची. जिकडे बघावं तिकडे मीच!

सोबतीला माझी मैत्रीण हिराबाई होती. ती धरमतरच्या खाडीकडची. जन्म मिठागरावर गेला, आता मुलाकडे पेणला असते. अंगात माझ्यापेक्षा दुप्पट ताकद आणि जिभेला चौपट.

तेव्हाचे ट्रेनर सर वयाने लहान, पण दंड मोठे. पहिल्याच दिवशी म्हणाले, "मावशी, खुर्ची आहे असं समजा आणि बसा."

हिराबाई अर्धी वाकली, थांबली आणि म्हणाली, "समजू कशाला? त्या कोपऱ्यात हाय की खुर्ची! आण ना!"

सरांना हसू आवरेना. पण गुडघा दुखतो म्हटलं तरी ते म्हणायचे, "अजून पाच!" डोकं गरगरतं म्हटलं तरी, "अजून पाच!" एकदा हिराबाईने त्यांना सांगितलं, "सर, आज नातवाला ताप हाय." सर मोबाईलमधून मान वर न करता म्हणाले, "अजून पाच!"

पुढे त्यांना पनवेलला मोठ्या जिममध्ये काम मिळालं आणि ते गेले. जिमचा मालक नरेश आमच्या मानसीला म्हणाला, "वहिनी, बॅच तुम्ही घ्या. बायका तुमचं ऐकतात. पण सर्टिफिकेट आणा, आणि चांगलं आणा. दिवाळीपर्यंत नाही जमलं, तर सकाळची वेळ पुरुषांना देतो."

रात्री लेकीला, ओवीला, थोपटताना मानसी हळूच म्हणाली, "आई, मला हे करायचंय." ओवी झाल्यापासून तिने स्वतःसाठी पहिल्यांदाच काही मागितलं होतं. मी म्हटलं, "कर. ओवीला मी सांभाळते." पण दिवाळी काही लांब नव्हती. एकाच कोर्सपुरता वेळ होता. तो चुकीचा निघाला असता, तर बॅचही गेली असती आणि मानसीची उमेदही.

*

पहिला कोर्स मोबाईलवर सापडला. दोन दिवसांत पर्सनल ट्रेनर! वर लिहिलेलं, 'आधी परीक्षा द्या, पास झालात तरच पैसे भरा.' मला तर हे फार प्रामाणिक वाटलं.

मानसीने परीक्षा उघडली आणि तेवढ्यात ओवी उठली. ती आत गेली. मोबाईल राहिला ओट्यावर. हिराबाई पापड लाटायला आली होती. तिला वाटलं काही गेम आहे. पीठ लागलेल्या बोटाने ती एकेक दाबत गेली. प्रत्येक वेळी वरचंच बटण, कारण खालची बटणं पिठाने झाकली होती म्हणे.

मानसी बाहेर आली तर स्क्रीनवर रंगीत कागद उडत होते. 'अभिनंदन! आपण उत्तम गुणांनी उत्तीर्ण!' खाली मानसीचं नाव, सोनेरी शिक्का, आणि 'आता पैसे भरा'.

मी म्हटलं, "अगं, पास झालीस की! देवासमोर साखर ठेवते."

हिराबाईने लाटणं खाली ठेवलं. "थांब गो. आधी मला सांग, स्नायू म्हंजे काय?"

मानसीने सांगितलं.

"मला आत्ता कळलं," हिराबाई म्हणाली. "पोरी, जी परीक्षा मी पास झाली, ती तू देऊ नको!"

*

दुसरा कोर्स रोह्याहून चालत आला. माझ्या मोठ्या नणंदबाई, विमलवन्सं, रोह्याला असतात. त्यांचा फोन आला, "मानसीला घेऊन ये. मी न्यूट्रिशन कोच झाले!"

आम्ही गेलो. वन्संच्या गळ्यात पट्टा, पट्ट्याला बिल्ला. टेबलावर पावडरचे डबे रचलेले, मंगळागौर सजवावी तसे. अभ्यास किती करावा लागला म्हणून मानसीने विचारलं. वन्सं म्हणाल्या, "अभ्यास कसला! डबे घ्यायचे, बायका आणायच्या. जितक्या बायका आणशील तितका मोठा बिल्ला."

त्यांच्या वरच्या मॅडमही तिथे बसल्या होत्या. मी आपलं भाबडेपणी विचारलं, "हे उपासाला चालतं का?"

"चालतं!" मॅडम म्हणाल्या.

"आणि शुगर असली तर?"

"चालतं!"

"बाळंतिणीला?"

"धावतं! वजन, गुडघे, केस, झोप, सगळ्यावर एकच डबा."

वन्संचे यजमान अण्णा कोपऱ्यात पेपर वाचत होते. आयुष्यभर कंपनीत शिफ्ट केलेला माणूस. त्यांनी पेपर खाली केला आणि अगदी शांतपणे विचारलं, "मॅडम, आमच्या कंपनीतला बॉयलर बंद पडायचा, तेव्हा कुठे होतात हो तुम्ही?"

मॅडम उठल्या. जाताना त्यांनी एक डबा मागे ठेवला. वन्संनी तो अजून फोडला नाही. त्यावर हल्ली मोगऱ्याची कुंडी ठेवतात. उंची बरोबर येते म्हणे.

*

तिसरा कोर्स आहाराचा होता. नमुना म्हणून त्यांनी डाएट चार्ट पाठवला. सकाळी ओट्स, दुपारी ब्रोकोली, संध्याकाळी अॅव्होकॅडो. आमचे हे पिशवी घेऊन बाजारात गेले आणि पडवळ घेऊन आले. म्हणाले, "भाजीवाली म्हणाली, हिरवंच हवंय ना, मग हे घ्या!"

चार्टच्या खाली ठळक लिहिलं होतं, 'मीठ पूर्ण बंद.' कोणाला बंद, का बंद, काही नाही. सरसकट!

मानसीने ते वाचून दाखवलं मात्र, हिराबाई ताडकन उठली. "मीठ बंद? आमच्या आज्यापणज्यापासून उन्हात पाय भाजून काढतोय ते काय गटारात टाकायला? कोण हाय तो? नंबर दे!"

नंबर खरोखरच लावला. मी मधे पडून फोन घेतला, कारण हिराबाईच्या तोंडून पुढे काय येईल ते देवाला ऐकवण्यासारखं नव्हतं. मी नम्रपणे विचारलं, "दादा, मला बीपीची गोळी आहे. माझे सोमवार असतात, संकष्टी असते, एकादशी असते. त्या दिवशी तुमच्या चार्टचं काय करायचं?"

तो म्हणाला, "आजी, उपास बंद करा!"

म्हणजे मीठही बंद, उपासही बंद. मी फोन ठेवला आणि म्हटलं, "ह्याचा कोर्सही बंद!"

*

तेव्हापासून मानसीने मलाच कामाला लावलं. कुठलाही कोर्स दिसला की ती नंबर लावायची आणि मी तोच उपासाचा प्रश्न विचारायची. एक जण म्हणाला, "उपास उत्तम, रोज करा!" एकाने साबुदाणा विषासमान ठरवला. एक ताई तर म्हणाल्या, "फी भरा, मग सांगते."

शेवटी एका संस्थेतले एक सर फोनवर भेटले. माझा प्रश्न पूर्ण ऐकून घेतला आणि म्हणाले, "गोळी कोणत्या वेळची आहे? उपासाला पाणी पिता का? हे तुमच्या डॉक्टरांना विचारलंय का?"

मी म्हटलं, "तुम्ही सांगा ना."

"नाही सांगता येणार. तो आमचा अधिकार नाही. आमच्या विद्यार्थ्यांनाही आम्ही हेच शिकवतो, कुठे थांबायचं ते."

मी फोनवर हात ठेवून मानसीला म्हटलं, "ठेवू का गं? ह्यांना काहीच येत नाही!"

मानसीने माझ्या हातातून फोन ओढूनच घेतला. "आई, हाच!"

*

मग अभ्यास सुरू झाला. जाड पुस्तकं, आठवड्याला वर्ग, शेवटी लेखी आणि प्रात्यक्षिक. स्वयंपाकघराच्या भिंतीवर हाडांच्या सापळ्याचं चित्र लागलं. आमच्या ह्यांनी जेवायची जागा बदलली. म्हणाले, "तो माझ्या ताटाकडे बघतो आणि मग मला भाकरी उतरत नाही."

त्याच दिवसांत गणपतीची मूर्ती सांगायला आम्ही हमरापूरला गेलो. कारखान्यात बिनरंगाच्या मूर्ती ओळीने उभ्या. मानसीच्या डोक्यात अभ्यास. एका मूर्तीच्या खांद्यावर बोट ठेवून म्हणाली, "हा डेल्टॉइड. हा बायसेप्स. हा मांडीचा क्वाड्रिसेप्स." असं करत करत ती पोटापर्यंत आली आणि अडकली. तिथे स्नायू काही दिसेना.

रंगारी केव्हापासून ऐकत होता. ब्रश खाली ठेवून कळकळीने म्हणाला, "ताई, बाकी काय पण शिका. फक्त ह्याला बारीक करायचं नका शिकू. गिऱ्हाईक परत पाठवतं!"

*

लेखी परीक्षा चांगली गेली. प्रात्यक्षिकाला घरचं कुणीतरी वयस्कर माणूस आणायचं होतं, त्याच्याकडून व्यायाम करून घेऊन दाखवायचा. मानसीने मला नेलं. नवे बूट घेतले, पंजाबी ड्रेस घातला. ओवीला आजोबांकडे ठेवून आम्ही पेणहून पनवेलला गेलो.

परीक्षक एक मॅडम होत्या. चष्मा नाकावर, चेहऱ्यावरची रेघ हलत नाही. आमच्या आधीच्या मुलाने आपल्या काकांना इतक्या उड्या मारायला लावल्या की काका भिंतीला टेकून रामरक्षा म्हणायला लागले. मुलाला वाटलं, फार छान झालं.

मग मानसीचं नाव आलं. मी ताठ उभी राहिले. नियमाप्रमाणे तिने आधी प्रश्न विचारले. गुडघा कसा आहे, गोळी कोणत्या वेळची असते, झोप झाली का. मी खणखणीत उत्तरं दिली.

"आज सकाळपासून काय खाल्लंत?"

मी ओढणी नीट करू लागले.

"आई? काय खाल्लंत?"

"काही नाही."

"चहा?"

"नाही."

"पाणी तरी?"

"नाही गं. आज निर्जळ आहे."

"आज? आज कसला उपास?"

मी खाली बघत म्हटलं, "तू पास व्हावीस म्हणून धरलाय."

सगळी खोली हसली. मॅडम सोडून. आणि मानसी सोडून.

मानसीने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा मांडून ठेवलेल्या डंबेल्सकडे. मी कुजबुजले, "करू या गं. मला सवय आहे, काही होत नाही. तुझी बॅच जाईल!"

"नाही," ती म्हणाली. "बसा आई. आज व्यायाम नाही."

मॅडमनी मान वर केली. "व्यायाम नाही? मग तुम्ही परीक्षेत दाखवणार काय?"

मानसी म्हणाली, "हेच, मॅडम."

तिने खुर्ची ओढली, मला बसवलं, नाडी बघितली आणि पाण्याचा पेला आणून माझ्या हातात दिला. मी पेला धरून बसले. आता सांगा, प्यावं तर तिच्यासाठी धरलेला उपास मोडतो, न प्यावं तर तिचं ऐकलं नाही असं होतं. मी डोळे मिटून बाप्पालाच विचारत होते.

मॅडमनी कागदावर काहीतरी लिहिलं, सही केली, पेनाला टोपण लावलं. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "आजी, प्या पाणी. तुमचा उपास पोचला."

मी घटाघटा प्यायले.

म्हणून आता मानसीच्या बॅचला येणाऱ्या सगळ्याजणींना एकच विनवणी आहे. हात वर करायला सांगण्याआधी तिने तुम्हाला विचारलं, "आज काय खाल्लंत?" तर लाजू नका, तुम्हीही खरं तेच सांगा.